भाऊबीजेचा बार

कंपनीच्या दसऱ्याच्या सोडतीत रूपाला ओव्हन लागला, तेव्हा पहिला प्रश्न पडला तो ठेवायचा कुठं. मुकुंदवाडीत रेल्वे स्टेशनच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर होतं. दोन खोल्या, त्यातली एक कपाटानं आणि शिलाई मशीननं निम्मी खाल्लेली. वडील रामहरी यांनी खोक्याभोवती एक चक्कर मारली आणि विचारलं, "टीव्ही हाय का?"

"ओव्हन आहे, अण्णा. भाजायचा."

"काय भाजायचं?"

याचं उत्तर रूपाकडं ओव्हन लागायच्या आधीपासून तयार होतं.

तिचा मामा मुंजाबा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, मेंढपाळ. पावसाळा सरला की घोडीवर संसार लादायचा आणि बायकोला, सरूबाईला, सोबत घेऊन निघायचा. ज्या शेतकऱ्याला खतासाठी वावरात मेंढरं बसवायची असतील त्याच्याकडं मुक्काम करायचा, मग पुढच्या वावरात. या मुक्कामाला ते लोक वाडा म्हणतात. गेल्या हिवाळ्यात मेंढरांमागं चालता चालता मुंजाबाला भोवळ आली आणि तो रस्त्याच्या कडेला पडला. फार काही झालं नाही, पण सरूबाई फोनवर रडली होती. सकाळी बांधून दिलेल्या भाकरीतली निम्मी त्यानं कुत्र्याला घातली, उरलेली वाळून कडक झाली म्हणून तशीच ठेवली आणि दिवसभर नुसत्या पाण्यावर चालत राहिला.

"बिस्किटाचा पुडा देते, त म्हनतो छातीत जळजळ व्हती," सरूबाई म्हणाली होती. "आता ह्या मानसाला मी काय करू, सांग!"

तेव्हापासून ते रूपाच्या डोक्यात बसलं होतं. लहानपणी शाळेला सुट्टी लागली की ती वाड्यावर जायची. मामाच्या मागं मागं चालायची आणि पाय दुखले की त्याच्या खांद्यावर बसायची. भूक लागली की मामा स्वतः काही खायच्या आधी तिला द्यायचा. आता ती एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत कामाला होती. मक्याचे, बाजरीचे नमुने वाळवून त्यातला ओलावा मोजायचा, वाळूच्या ट्रेमध्ये बी लावून किती उगवतं ते बघायचं, असं तिचं काम. डब्याच्या सुट्टीत तिच्याबरोबरची अपेक्षा जिमला जाणाऱ्यांसाठी मिळतात तसले धान्याचे चौकोनी बार खायची. रूपाला ते बघून वाटायचं, हे मामाच्या खिशात पाहिजे. चालता चालता खाता येईल, लाडवासारखा भुगा होणार नाही, टिकेल आणि पोटाला धरेल.

"मी मामासाठी बार करणार आहे," तिनं जाहीर केलं. "भाऊबीजेला घेऊन जाऊ."

रूपाची आई बानाबाई मेथी निवडत बसली होती. तिचा हात थांबला.

"भाऊबीजेला भावाला बार न्यायचा? आगं, तुपल्या मामानं जिंदगीत दारूला हात लावला नाय!"

रामहरींना हसू आवरेना. रूपानं मोबाईलवर फोटो दाखवला तेव्हा बानाबाईनं डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "मंग वडी म्हन की सरळ. बार काहून म्हनायचं?"

पहिला घाणा रूपानं मोबाईलवरचा व्हिडिओ बघून केला. त्यात ओट्स होते, मध होता. तिनं ओट्सच्या जागी बाजरीचं आणि ज्वारीचं जाडसर पीठ घेतलं, मधाच्या जागी गूळ. ओव्हनमधून ट्रे निघाला तेव्हा रंग सुरेख आला होता. चाकू लावला मात्र, आणि सगळं वाळूच्या ढिगासारखं पसरलं.

"फुसका बार," रामहरी म्हणाले.

दुसऱ्या खेपेला तिनं गूळ वाढवला आणि पाक चांगला कडक होऊ दिला. हे काही पसरलं नाही. ते ट्रेमधून निघायलाच तयार नव्हतं. ट्रे उलटा करून पाठीवर लाटण्यानं ठोकल्यावर अखंड लादी खाली पडली आणि फरशीवर खणकन वाजली. बानाबाईनं ती उचलून बोटाच्या पेरानं वाजवून पाहिली. "न्हानीतली एक फरशी फुटलीय, तिथं बसवू," ती म्हणाली. रामहरींनी मात्र बत्त्यानं तिचे तुकडे केले, आणि ते चहात बुडवून बुडवून पुढं कितीतरी दिवस आनंदानं खाल्ले. "तुमाला कदर नाय," असंही वर म्हणाले.

रूपा चिडली नाही. प्रयोगशाळेत करायची तेच तिनं घरी सुरू केलं: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नुसत्या पिठाऐवजी तिनं ज्वारीच्या लाह्या घेतल्या आणि हातानं अर्धवट चुरल्या. बाजरीचं पीठ तुपात खमंग भाजलं. तीळ आणि शेंगदाण्याचा जाड कूट घातला. शहागंजातून मऊ खजूर आणला, गुळाबरोबर थोड्या पाण्यात शिजवून त्याचा चिकट लगदा केला आणि तो सगळ्याला चोळला. मग ट्रेमध्ये वाटीच्या बुडानं दाबून दाबून बसवलं आणि मंद आचेवर ठेवलं.

दिवाळी तोंडावर आलेली. गल्लीत सगळीकडं चकल्यांचा, शंकरपाळ्यांचा वास, त्यात हा भाजल्या तिळाचा आणि गुळाचा नवा वास मिसळला. शेजारणी एकेक करून दारात डोकावायला लागल्या.

"काय चाललंय बानाबाई?"

"काय नाय, पोरीनं घरीच बार काढलाय," बानाबाई बोलून गेली आणि जीभ चावली. "वडी हाय, वडी! बाजरीची!"

ट्रे बाहेर आला तशी बानाबाई सुरी घेऊन पुढं झाली. रूपानं तिचा हात धरला. "गार होऊ दे. पूर्ण गार. गरम असताना हात लावला की मोडतं." ट्रेवर सुती फडकं टाकून ती स्वतःच पहारा देत बसली. संध्याकाळी तिनं पट्टी लावून वड्या कापल्या तेव्हा प्रत्येकीची कड सरळ निघाली. एक वडी तिनं ओढणीत बांधून खुंटीवर आपटली, कमरेत खोचून घरभर फिरली, जिना उतरून चढून आली. वडी जशीच्या तशी होती. ती तिनं आणि अण्णांनी निम्मी निम्मी खाल्ली. दाताखाली आधी लाही कुरकुरायची, मग खजुराची ओल लागायची, आणि तीळ मागं रेंगाळायचे.

"तू घे ना आई."

"मपल्या भावाच्या तोंडात पडल्याबिगर मी नाय खायची," बानाबाई म्हणाली. ती बोलली की मग बोलली. रूपानं ट्रेमागून ट्रे केले, मोठा स्टीलचा डबा गच्च भरला, झाकण दाबून लावलं आणि भाऊबीजेपर्यंत त्याला कुणाला हात लावू दिला नाही.

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी मायलेकी स्कूटीवर निघाल्या. बानाबाईच्या मांडीवर डबा, पिशवीत ओवाळायचं ताट, नारळ आणि मामासाठी नवा पटका. आदल्या दिवशी मामा फोनवर म्हणाला होता, "करमाडच्या म्होरं ये. मकाच्या वावरात बसलोय. लिंबाचं झाड हाय मोठं." आता त्याचा फोन बंद लागत होता. मेंढपाळाच्या फोनला चार्जिंग मिळेल तेव्हा मिळेल, त्याचं कुणाला नवल नव्हतं.

जालना रोडवर दिवाळीच्या पाहुण्यांची गर्दी होती. विमानतळ मागं पडला, शेंद्र्याच्या कंपन्या मागं पडल्या. करमाडला पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की करमाडच्या पुढं मक्याची वावरं खंडीभर आहेत आणि लिंबाचं झाड नाही असं एकही नाही.

बानाबाईनं फाट्यावरच्या चहावाल्याला विचारलं, "दादा, मेंढरं पाहिली का हो कुठं?"

"लाडसावंगी रोडनं गेली बघा काल. लई मोठा कळप व्हता."

"देव भलं करो तुमचं," असं म्हणत बानाबाईनं डब्याचं झाकण उघडलं आणि त्याच्या हातात वडी ठेवली. रूपाला वाटलं, ठीक आहे, सणाचा दिवस आहे.

लाडसावंगी रोडला लागल्यावर एका वावरात बायका कापूस वेचत होत्या. बानाबाईनं स्कूटी थांबवायला लावली, बांधापर्यंत गेली आणि हाळी दिली. बायका ओटीतला कापूस सावरत गोळा झाल्या. मेंढरं कुणी पाहिली, कोणत्या अंगाला गेली, यावर त्यांच्यात बरंच बोलणं झालं. एक म्हणाली ओढ्याकडं, दुसरी म्हणाली माळाकडं. बानाबाईनं दोघींचं ऐकून घेतलं आणि सगळ्यांना वडी वाटली.

"आई, अगं पुरवून दे जरा," परत आल्यावर रूपा म्हणाली.

"सनाच्या दिवशी रानात राबत्यात बिचाऱ्या. नुसतं इचारून निघून यायचं व्हय?"

पुलावर बांगड्यांचं कपाट मोटारसायकलला बांधून एक जण येत होता. बानाबाईनं हात केला.

"मेंढियाँ? हाँ खाला, वो पीछे उतरती के नीचे बैठे ना," तो म्हणाला. "बोहोत कुत्ते हैं, गाड़ी आहिस्ता लेव." त्यालाही वडी मिळाली. त्यानं तिथंच एक घास खाल्ला आणि मान डोलावत म्हणाला, "क्या चीज है! घर में बनाए?" घरी बायकोला दाखवतो म्हणून त्यानं आणखी एक मागितली. बानाबाईला नाही म्हणणं जमलं नाही.

उताराच्या खाली खरोखरच वाडा होता. कुत्री भुंकत धावून आली, जाळीच्या आत कोकरं ओरडत होती, बाजूला दोन घोडी चरत होती. पण तो वाडा मुंजाबाचा नव्हता. भलत्याच लोकांचा होता. पालासमोर एक म्हातारी एकटीच बसली होती. बाकीची माणसं मेंढरांमागं गेली होती.

बानाबाई तिच्याजवळ बसली. दोघींनी नात्यागोत्याची विचारपूस सुरू केली, आणि ती अशी रंगली की रूपानं स्कूटी स्टँडवर लावली. म्हातारीनं ओवाळायचं ताट पाहिलं.

"भावाकडं निघालीस व्हय माय? बरं हाय. मपला भाऊ लई लांब पडला, तिकडं बीडाच्या पल्याड. पाच-धा वरसं झाली, बीजेला गाठ नाय."

बानाबाईनं झाकण उघडलं. तळाला राहिलेल्या सगळ्या वड्या तिनं म्हातारीच्या पदरात घातल्या. "भावानं धाडल्या समज," ती म्हणाली.

म्हातारीनं पदर डोळ्यांना लावला. मग उठली, डबा ओढून घेतला, पुसला आणि शेळीचं ताजं धारोष्ण दूध त्यात ओतलं. "मोकळा डबा नाय देत आमी," ती म्हणाली. "मुंजाबाचा वाडा ना? तो त्या टेकाडाच्या मागं हाय, दगडाबाईच्या वावरात. आमच्या पोरांची गाठ पडली त्यांची सकाळी."

स्कूटी सुरू झाली. टेकाडाच्या वाटेला लागल्यावर रूपानं एकदम ब्रेक दाबला.

"मी मामासाठी केल्या होत्या, आई. मामासाठी! एक सुद्धा ठेवली नाहीस. तू वाटत सुटलीस आणि मी आता त्याच्यापुढं काय ठेवू? दूध? त्याच्याकडं दुधाला तोटा आहे का?"

बानाबाई मागं बसूनच म्हणाली, "मंग काय करायचं व्हतं मी? तिच्या तोंडाकडं बघत बसायचं व्हतं? डबा मांडीवर आसून?"

"आपण त्याला भोवळ येऊ नये म्हणून..." रूपानं ओढणीनं डोळे पुसले.

बाजूच्या तुरी वाऱ्यानं डोलत होत्या. मग बानाबाई हळूच म्हणाली, "आन मी त आजून चवबी घेतली नाय."

ते ऐकून रूपाला इतकं अचानक हसू फुटलं की स्कूटी कलली. बानाबाईनं दुधाचा डबा छातीशी धरला आणि तीही हसायला लागली. दोघी रस्त्याच्या मधोमध हसत उभ्या असताना टेकाडाच्या मागून घंटांचा आवाज आला, मग धूळ आली, आणि धुळीतून मेंढरांचा लोंढा उतरायला लागला. सर्वांत मागं, खांद्यावर काठी आडवी टाकून, मुंजाबा.

"आक्का!" तो ओरडला. "आगं, हितं काय करता? मी कवाचा वाट बघून ऱ्हायलो!"

वाड्यावर सरूबाईनं जागा सारवून ठेवली होती. पाट नव्हता, म्हणून घोंगडीची घडी टाकली. मुंजाबा हातपाय धुऊन बसला. बानाबाईनं कुंकू लावलं, ओवाळलं, पटका दिला. त्यानं तो तिथल्या तिथं डोक्याला गुंडाळला आणि सरूबाईकडं बघून म्हणाला, "कसा दिसतोय?"

"नवरदेव," सरूबाई म्हणाली.

"आता माझा बार काढा. आक्का फोनवर म्हनली व्हती, रूपानं घरी बार केलाय. म्या म्हनलं, हे काय झालं पोरीला!" त्यानं डबा पुढं ओढून झाकण काढलं. आत डोकावून पाहिलं. "आरं? हे त दूध हाय."

सगळा किस्सा ऐकताना मुंजाबा मांडीवर थापा मारत हसला. बहिणीचा स्वभाव त्याला ठाऊक होता. रूपा खाली मान घालून बसली होती. त्यानं तिच्या डोक्यावर टपली मारली.

"मंग हितं कर की. नाय तरी घरून आनलेलं शिळंच आसतं."

"इथं ओव्हन कुठंय, मामा?"

"आगं, वव्हन म्हंजी काय, भट्टीच ना?"

रूपानं मान वर केली. तीन दगडांची चूल पेटलेली होती. पलीकडं ओढ्याचं कोरडं पात्र, त्यात स्वच्छ वाळू. फुटाणेवाला भट्टीत काय करतो ते तिला आठवलं. वाळू तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की सगळीकडून सारखी ऊब देते.

"मामी, सगळ्यांत मोठं पातेलं कोणतं आहे तुझ्याकडं?"

मग वाड्यावर एकच धांदल उडाली. मुंजाबानं ओढ्यातून वाळू आणली, चाळली आणि पातेल्याच्या बुडाला पसरली. सरूबाईकडं बाजरीचं पीठ होतं, गूळ होता, ज्वारी होती. ज्वारीच्या लाह्या बानाबाईनं कढईत फोडायला घेतल्या. सगळे दाणे काही फुटले नाहीत, पण जे फुटले ते उडून थेट कुत्र्यापर्यंत गेले. एवढ्यात वावराची मालकीण दगडाबाई, कमरेवर हात ठेवून, काय गोंधळ चाललाय ते बघायला बांधावरून आली. ठेंगणी, गोरीपान, बोलायला मोकळी बाई.

"मुंजाबा, आज काय लगीन हाय का वाड्यावर?"

"पोरगी भट्टी लावती हाय, दगडाबाई. बार हाय बार!"

दगडाबाईला सगळं समजावून सांगावं लागलं. समजल्यावर ती घराकडं गेली आणि तुपाची बरणी, शेंगदाणे, तीळ आणि झाकायला एक जाड परात घेऊन परत आली. "खजूर नाय बाई आमच्याकडं," ती म्हणाली. "बाकी सांग काय पायजे ते."

खजूर नव्हता, म्हणून रूपानं शेळीचं दूध आणि गूळ आटवून घट्ट केला. म्हातारीनं दिलेलं सगळं दूध त्यात गेलं. लाह्या, भाजलेलं पीठ, कूट, तीळ, तूप, त्यावर तो आटवलेला गूळ. मिश्रण तिनं एका जर्मनच्या ताटलीत दाबून बसवलं, तापल्या वाळूवर दगडाचे तुकडे ठेवून त्यावर ताटली टेकवली, वरून परात झाकली आणि परातीवर निखारे पसरले.

"आता?" मुंजाबानं विचारलं.

"आता थांबायचं."

थांबणं त्या वाड्यावर कुणालाच येत नव्हतं. मुंजाबा दर थोड्या वेळानं येऊन नाक पुढं काढायचा. दगडाबाई घरी निघाली म्हणून उठायची आणि पुन्हा बसायची. सूर्य टेकाडावर टेकला, मेंढरं जाळीत आली, कोकरं आपापल्या आयांना शोधून चिकटली. आणि परातीच्या कडेनं तो वास सुटला. तुपाचा, तिळाचा, दुधात जळत आलेल्या गुळाचा. कुत्रं चुलीजवळ येऊन गंभीरपणे बसलं.

रूपानं चिमट्यानं परात उचलली. ताटलीतला ऐवज तांबूस फुगून आला होता, कडा सुटल्या होत्या.

"गार होऊ द्या," ती म्हणाली. "पूर्ण गार झाल्याशिवाय..."

पण मुंजाबानं बोट घातलं होतं. बोट भाजलं म्हणून तोंडात घातलं, आणि मग त्याचे डोळेच मिटले. "लई ग्वाड लागतंय, पोरी," तो म्हणाला. सरूबाईनं उलथन्यानं तुकडा काढला तर तो मोडला. दगडाबाईनं दुसरा काढला, तोही मोडला. मग कुणी तुकड्यांच्या भानगडीत पडलंच नाही. सगळे ताटलीभोवती बसले आणि बोटांनी, चमच्यानं, भाकरीच्या कोपऱ्यानं गरम गरम खात सुटले. वडी म्हणून ते साफ फसलं होतं. रूपानं मामाच्या तोंडात पहिला घास पडल्याची खात्री केली आणि आईपुढं चमचा धरला.

बानाबाईनं खाल्लं. चघळत राहिली.

"कसं झालंय?"

"थांब," बानाबाई म्हणाली आणि दुसरा चमचा घेतला. "आजून कळंना."

तिसऱ्या चमच्यालाही तिला कळलं नाही.

दुसरा घाणा रूपानं लगेच लावला. या वेळी सरूबाईनं शेळीचं काढून दिलेलं थोडंच दूध होतं म्हणून गूळ थोडा जास्त आटवला, ताटलीत मिश्रण पातळ पसरलं आणि जास्त वेळ भाजलं. उतरवल्यावर ताटलीवर फडकं टाकलं, वर परात पालथी घातली आणि परातीवर दगड ठेवला. "उद्या सकाळपर्यंत याला कुणी हात लावायचा नाही. मामा, तू तर अजिबात नाही."

"म्या कशाला लावतो?" मामा म्हणाला. सरूबाईनं ती परात आपल्या उशाशी नेऊन ठेवली.

अंधार पडून गेला होता, स्कूटीनं परत जाणं कुणी कबूल करेना. मायलेकी तिथंच राहिल्या. रूपानं फोन करून अण्णांना कळवलं. ते म्हणाले, "मपल्यासाठी ठेवा थोडं."

सकाळी गार वारा सुटला होता. वाडा हलायचा होता, म्हणून पहाटेपासूनच जाळ्या गुंडाळणं, घोडीवर पाल चढवणं, नवजात कोकरांना डालग्यात बसवणं सुरू होतं. रूपानं परात उचलली. सुरी लावली तशी वडी कट्ट आवाज करून सरळ तुटली. कालच्यापेक्षा रंगानं काळसर, थोडी ओबडधोबड, पण मोडत नव्हती. सरूबाईनं एक हातात घेऊन वजन बघावं तशी वरखाली केली.

"हे म्या बी करीन," ती म्हणाली. "वाळू त कुठंबी मिळती. किती आटवायचं तेवढं सांग."

रूपानं सांगितलं. सरूबाईनं ते दोनदा म्हणून घेतलं, आणि दगडाबाईनंही, तिला कुणी विचारलं नसताना. थोड्या वड्या दगडाबाईच्या पदरात गेल्या, थोड्या अण्णांसाठी डब्यात, बाकीच्या फडक्यात बांधून घोडीवरच्या पिशवीत. मुंजाबानं एक बंडीच्या खिशात टाकली.

बानाबाई दगडाबाईबरोबर चहा घेत बांधावर बसून राहिली. दोघींचं कोथिंबिरीच्या भावावरून गाठोड्यातल्या साड्यांवर, साड्यांवरून लेकी-सुनांवर असं काहीतरी चाललं होतं आणि ते लवकर संपेलसं वाटत नव्हतं. रूपानं अपेक्षाला मेसेज टाकला की आज येत नाही, माझ्या ट्रेंना पाणी घाल. मग चपला हातात घेऊन ती मेंढरांमागं निघाली.

डांबरी रस्ता येईपर्यंत ते दोघं बोलत होते. मामा कोणत्या मेंढीला जुळी झाली ते सांगत होता, रूपा वाळूत बी कसं उगवतं ते सांगत होती. उन्हं चढली तशी मामानं चालता चालताच खिशात हात घातला, वडी काढली आणि दाताखाली कडकन मोडली. चाल कमी झाली नाही. कुत्रं लगेच जवळ आलं.

"त्याला देऊ नकोस!" रूपा म्हणाली.

"एवढासा," मामा म्हणाला, आणि कोपरा मोडून टाकलाच. मग उरलेली वडी दोन हातांनी मोडून निम्मी रूपापुढं केली. तिनं घेतली.

रस्ता ओलांडायला मेंढरांनी बराच वेळ घेतला. एका बाजूला ट्रक थांबला, दुसऱ्या बाजूला दिवाळीच्या पाहुण्यांनी भरलेली जीप. जीपमधली पोरं खिडक्यांतून मेंढरं मोजायला लागली आणि पुन्हा पुन्हा चुकली. मामा रस्त्याच्या मधोमध काठी आडवी धरून उभा होता, नवा पटका डोक्यावर. शेवटचं कोकरू पलीकडं गेलं तसा तो रूपाला म्हणाला, "आता माघारी जाय. आक्का वाट बघत आसंल. नाय त मंग तुला जालन्यापस्तोर चालावं लागंल."

"चालेन की," रूपा म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचून पुढच्या वळणापर्यंत त्याच्या बरोबरीनं चालत गेली.